लांबी बदलणारा पटर घेण्यापूर्वी

लवळे-बावधनच्या टेकड्यांवर ऑक्सफर्ड गोल्फ मैदानाच्या सरावाच्या ग्रीनपाशी थोडा वेळ थांबलं, तरी एक गोष्ट हमखास दिसते. एकाचा पटर दुसऱ्याच्या हातात जातो, चार-पाच चेंडू ढकलले जातात आणि निकाल लागतो, ‘हा बरा वाटतोय.’ नेमकं काय बरं वाटलं? लांबी, वजन, आवाज, की समोरचा पट सरळ होता म्हणून? हे सहसा कुणी तपासत नाही. लांबी बदलता येणारे पटर आल्यापासून हा गोंधळ आणखी वाढला आहे. एकाच पटरला तीन-चार लांब्या असतात आणि प्रत्येक लांबीला तो वेगळा वाटतो.

मुळशी-बावधन परिसरातले खेळाडू पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न साधारण असे: माझ्या उंचीला किती इंच योग्य? लांबी कमी केली की हेड हलकं का लागतं? नवरा-बायकोत एकच पटर चालेल का? स्पर्धेत चालतो का? आणि बिघडला तर दाद कुठे मागायची?

आधी माझं मत सांगून टाकतो. लांबी बदलणारा पटर ही स्वतःची लांबी शोधण्याची उत्तम सोय आहे. ती लांबी सापडली, की किल्ली कपाटात ठेवून द्यायची. दर रविवारी किल्ली फिरवणाऱ्याला कोणतीच लांबी अंगवळणी पडत नाही.

हा पटर काय करतो आणि काय करत नाही

दुकानात मिळणारे बहुतेक पटर ३३, ३४ किंवा ३५ इंचांचे असतात. लांबी बदलणाऱ्या पटरच्या शाफ्टचा एक भाग दुसऱ्यात सरकतो. ग्रिपच्या वरच्या टोकाला छोटं भोक असतं. त्यात किल्ली घालून फिरवली, की शाफ्ट लांब किंवा आखूड होतो. पिंगच्या सिग्मा २ आणि त्यानंतरच्या हेपलर या मालिकांमध्ये ३२ ते ३६ इंचांदरम्यान अशी लांबी बदलता येते.

बदलते ती फक्त लांबी. हेडचं वजन तेच राहतं. हेड सपाट टेकवल्यावर जमिनीशी होणारा शाफ्टचा कोन, ज्याला आपण लाय म्हणतो, तोही तोच. लॉफ्ट तोच, ग्रिपची जाडी तीच. ‘फिटिंगचा सगळा प्रश्न एका किल्लीने सुटला’ असं विक्रेता सांगत असेल, तर एवढंच लक्षात ठेवा की फिटिंगच्या पाच-सहा मापांपैकी एकच माप त्या किल्लीच्या ताब्यात आहे.

आधी स्वतःचं माप घ्या

उंचीवरून लांबी सांगणारे तक्ते सगळीकडे मिळतात. त्यांच्यावर विसंबू नका. सारख्या उंचीच्या दोन माणसांचे हात सारखे लांब नसतात आणि दोघं सारखे वाकतही नाहीत. पाच फूट दहा इंचांचा माणूस कमरेतून बराच वाकून पट करत असेल, तर त्याला ३३ इंच पुरतात. पाच फूट सहा इंचांचा माणूस ताठ उभा राहत असेल, तर त्याला ३५ लागू शकतात.

घरी, सपाट फरशीवर, दुसऱ्या कुणाच्या तरी मदतीने असं करा:

१. खेळतानाचेच बूट घाला. घरच्या चपलेने माप चुकतं.

२. पटर हातात न घेता पट करायच्या पवित्र्यात उभे राहा. खांदे सैल सोडा, हात खाली लोंबू द्या आणि दोन्ही तळवे जुळवा. तुमचे हात आपसूक येतात ती जागा ही.

३. दोन डोळ्यांच्या मध्ये, नाकाच्या मुळाशी चेंडू धरा आणि सोडा. तो पडेल तिथे खडूने खूण करा. पट करताना चेंडू या खुणेवर किंवा खुणेच्या थोडा पलीकडे, म्हणजे पायांपासून किंचित लांब असावा. चेंडू पायांच्या बाजूला आला, तर डोळे रेषेच्या बाहेर जातात आणि निशाणा दिसतो त्यापेक्षा वेगळीकडे लागतो.

४. मदतनिसाला टेप लावायला सांगा. उजव्या हाताने खेळणाऱ्यांनी डाव्या हाताच्या वरच्या कडेपासून, शाफ्ट जसा तिरका असेल तसं, चेंडूमागच्या जमिनीपर्यंत मोजायचं. ग्रिपचं टोक हाताच्या वर उरतं, म्हणून त्यात साधारण एक इंच मिळवा. हा सुरुवातीचा आकडा.

५. हे माप एकदाच घेऊन थांबू नका. सकाळी कंबर आखडलेली असते आणि राऊंडनंतर थकवा असतो. वेगवेगळ्या वेळी घेतलेली मापं जुळली, तर तुमचा पवित्रा पक्का आहे. मापात दीड-दोन इंचांचा फरक पडत असेल, तर पटर घेण्याआधी एखाद्या कोचकडून पवित्रा नीट करून घ्या. पवित्राच रोज बदलत असेल, तर कोणतीही लांबी टिकणार नाही.

पटरची लांबी मोजताना तो खेळतानासारखा जमिनीवर टेकवा आणि ग्रिपच्या टोकापासून शाफ्टच्या रेषेत जमिनीपर्यंत मोजा. लेबलवरचा आकडा तसाच खरा मानू नका. विशेषतः वापरलेल्या पटरची ग्रिप बदललेली असते किंवा शाफ्ट कापलेला असतो.

लांबी बदलली की ‘फील’ का बदलतो

सर्वांत जास्त गैरसमज याच ठिकाणी होतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

क्रिकेटची बॅट दांड्याच्या खालच्या टोकाशी धरली, की हलकी वाटते. बॅटचं वजन तेच असतं, पण हातापासून पात्याचं अंतर घटलेलं असतं. पटरचंही तसंच आहे. क्लब बनवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा, की शाफ्ट अर्धा इंच लांब-आखूड झाला, की स्विंगवेट, म्हणजे फिरवताना हेड किती जड वाटतं त्याचं माप, साधारण तीन अंकांनी बदलतं. आणि हेडमध्ये दोन ग्रॅम वजन वाढवलं, की स्विंगवेट एका अंकाने वाढतं. म्हणजे एक इंच कमी केला, तर हेड आधीइतकंच जड वाटावं म्हणून सुमारे १२ ग्रॅम वजन वाढवावं लागेल. ३५ वरून ३३ वर आलात, तर सुमारे २४ ग्रॅम.

ठरावीक लांबीचे पटर बनवणारे अनेक उत्पादक हा हिशेब आधीच करतात आणि आखूड पटरला जड हेड लावतात. लांबी बदलणाऱ्या पटरला ही सोय नसते, कारण एकच हेड सगळ्या लांब्यांना पुरवावं लागतं. म्हणून तुम्ही तो ३३ इंचांवर आणलात, शेजाऱ्याच्या साध्या ३३ इंची पटरशी ताडून पाहिलात आणि ‘हा हलका, उगाच वळवळतो’ असं म्हणालात, तर तुमचं म्हणणं खरं आहे. पण दोष लांबीचा नाही, वजनाचा आहे. तो दुरुस्त होतो. हेडच्या तळाला बदलता येणारे वजनाचे स्क्रू असतील, तर जड स्क्रू लावा. नसतील, तर शिशाची चिकटपट्टी तळाला लावून पाहा. लांबी पक्की झाल्याशिवाय मात्र वजनाला हात लावू नका. दोन्ही एकाच वेळी बदललं, तर कशाने काय झालं ते कळत नाही.

दुसरी गोष्ट हातांजवळच्या वजनाची. लांबी बदलणारी यंत्रणा शाफ्टच्या वरच्या भागात असते. तिचं थोडं वजन हातांपाशी येतं आणि हेड आणखी हलकं भासतं. काहींना हे आवडतं. मनगट फार हलवणाऱ्यांना ते सोयीचंही पडतं.

तिसरी गोष्ट लायची. समजा, ३४ इंचांवर तुमचा पटर ७० अंशांवर नीट टेकतो. हात त्याच उंचीवर ठेवून लांबी ३५ केलीत, तर शाफ्ट सुमारे ६६ अंशांपर्यंत कलतो. हेड मात्र ७० अंशांसाठीच घडवलेलं असतं, म्हणून त्याचं बाहेरचं टोक वर उचललं जातं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू त्यामुळे डावीकडे झुकतो, असं म्हटलं जातं. ते खरं आहे, पण त्याची धास्ती घेऊ नका. पटरचा लॉफ्ट तीन-चार अंशांचाच असल्याने दहा फुटांवर हा फरक अर्ध्या इंचाच्या आसपास राहतो. खरा त्रास डोळ्यांना होतो. वर उचललेलं टोक पाहून निशाण्याची रेषा तिरकी वाटते आणि आपण नकळत हात वर-खाली करून ती सावरू लागतो. तपासणी सोपी आहे. पवित्रा घ्या, पटर टेकवा आणि मदतनिसाला हेडच्या बाहेरच्या टोकाखाली जुनं व्हिजिटिंग कार्ड सरकवायला सांगा. ते मधोमध भागापर्यंत शिरलं, तर लांबी जास्त आहे किंवा लाय बदलायला हवी. आतल्या टोकाखाली शिरलं, तर उलट.

शेवटची गोष्ट आवाजाची. आपण ज्याला मऊ किंवा कडक ‘फील’ म्हणतो, त्यात कानांचा वाटा मोठा असतो. कानांत कापसाचे बोळे घालून दोन पटर मारून पाहा. मघाशी जाणवलेला फरक बराच ओसरल्याचं लक्षात येईल. चेंडूही एकच ठेवा. एकदा मऊ आवरणाचा आणि एकदा कडक आवरणाचा चेंडू मारून पटरची तुलना करणं निरर्थक आहे.

तुलना अशी करा

सपाट ग्रीनचा तुकडा शोधा. ऑक्सफर्डचं मैदान टेकडीवर आहे. आजूबाजूचे उतार पाहून डोळा फसतो आणि सपाट जागाही कललेली वाटते. शंका आली, तर दोन्ही दिशांनी पट करून पाहा. येरवड्याला पूना क्लबच्या मैदानावर खेळणाऱ्यांना हा त्रास कमी होतो, म्हणून एका मैदानावरचा अनुभव दुसऱ्या मैदानाच्या माथी मारू नका. वेळही एकच ठेवा. सकाळच्या दवात ग्रीन संथ असतं, दुपारी त्यावरून चेंडू वेगाने जातो.

मग असं करा:

- तीन लांब्या निवडा: तुमचं घरचं माप, त्याहून अर्धा इंच कमी आणि अर्धा इंच जास्त.
- लांबी मित्राला लावू द्या. कोणती लावली हे त्याने सांगायचं नाही आणि तुम्ही विचारायचं नाही. ‘३५ मला शोभत नाही’ असं मनात पक्कं असेल, तर हात तसंच करून दाखवतात.
- प्रत्येक लांबीला तीन अंतरं घ्या: तीन फूट, दहा फूट आणि तीस फूट. प्रत्येक अंतरावर दहा-दहा चेंडू पुरेत.
- तीन आणि दहा फुटांवर किती चेंडू होलमध्ये गेले ते लिहा. तीस फुटांवर चेंडू होलपासून किती लांब राहिला ते लिहा. हे अंतर पावलांनी मोजा. पटरने मोजू नका, कारण त्याची लांबीच तुम्ही बदलत आहात.
- पटरच्या तोंडावर टाल्कम पावडरचा पातळ थर द्या. चेंडू कुठे लागतो त्याचा ठसा उमटेल. ठसे मध्यभागी एकाजवळ एक पडत असतील, तर ती लांबी तुमची असण्याची शक्यता मोठी. ठसे बाहेरच्या टोकाकडे सरकत असतील, तर तुम्ही चेंडूपासून लांब उभे आहात. राऊंडआधी ही पावडर पुसून टाका. चेंडूवर परिणाम व्हावा म्हणून तोंडाला काही लावून खेळणं नियमाबाहेर आहे.

माझ्या मते या सगळ्यांत तीस फुटांचे आकडे आधी पाहावेत. तीन फुटांचे पट कोणत्याही लांबीने जातात. लांबचे पट करताना मात्र हेडचं वजन हाताला कळलं नाही, तर चेंडू कधी पाच फूट मागे राहतो, कधी पाच फूट पुढे जातो. तीन-तीन पट पडतात ते इथे.

एक दिवसाच्या आकड्यांवर खरेदी करू नका. हीच चाचणी निदान आणखी एकदा, दुसऱ्या दिवशी करा.

चष्मा आणि कंबर

प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणाऱ्यांनी हे नीट वाचा. या चष्म्याचा खालचा भाग वाचनासाठी असतो. पट करताना खाली पाहिलं, की चेंडू त्याच भागातून धूसर दिसतो. मग माणूस हनुवटी छातीकडे नेतो, डोळे सरकतात आणि त्याबरोबर लांबीचं मापही. म्हणून माप आणि चाचणी दोन्ही खेळतानाच्याच चष्म्याने करा. पट करण्यापुरता साध्या दूरच्या नंबरचा चष्मा ठेवला, तर अनेकांचा प्रश्न नवा पटर न घेताच सुटतो.

कंबरदुखी असणाऱ्यांना दोन लांब्या सारख्याच जमत असतील, तर त्यांनी लांब घ्यावी. राऊंडमध्ये तीस-पस्तीस वेळा वाकायचं, आणि सरावाचं वाकणं वेगळंच. इतरांनी हात जिथे मोकळे लोंबतात ती लांबी घ्यावी.

कुणी घ्यावा, कुणी घेऊ नये

वाढत्या वयाच्या, पण मोठ्यांचा पटर पेलणाऱ्या मुलामुलींसाठी हा पटर पैसे वाचवतो. ३२ इंचांपासून सुरुवात करून वाढीबरोबर लांबी वाढवता येते. त्याहून लहान मुलांना तो जड आणि लांब पडतो. त्यांना मुलांसाठीचाच पटर द्या. पाठीच्या दुखण्यातून उठून पवित्रा बदलणाऱ्यांनाही तो उपयोगी आहे. ज्यांनी कधीच फिटिंग केलं नाही, त्यांनी शक्य असेल तर क्लबच्या प्रो-शॉपमधून किंवा कोचकडून असा पटर चाचणीपुरता मागावा, लांबी शोधावी आणि मग त्या मापाचा साधा पटर घ्यावा. हा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

सध्याच्या पटरने तुमचे ठसे मध्यभागी येत असतील आणि लांबचे पट होलजवळ थांबत असतील, तर खर्च करू नका. ३२ ते ३६ इंचांच्या पटरने छातीपर्यंत येणाऱ्या लांब पटरचं काम होईल अशी आशाही नको. ती वेगळीच पद्धत आहे.

नियम काय सांगतात

लांबी बदलणारा पटर नियमांत बसतो. अटी अशा, की जुळवणी सहजासहजी बदलता येऊ नये, सगळे भाग घट्ट बसलेले असावेत आणि राऊंडमध्ये ते सैल होण्याची शक्यता नसावी. किल्ली लागते ती याचसाठी. पटरला कमाल लांबीची मर्यादा नाही. बाकी क्लबना ४८ इंचांची आहे. किमान लांबी मात्र सर्वांना १८ इंच.

प्रत्यक्षात अडचणी येतात त्या पुढील ठिकाणी:

- राऊंडमध्ये लांबी बदलणं. राऊंड सुरू झाल्यावर लांबी बदलून त्या पटरने एक जरी फटका मारलात, तरी नियम ४.१ नुसार अपात्र ठरता. बदलली, पण फटक्याआधी पूर्ववत केली, तर दंड नाही. पहिल्या टीवर जाण्याआधी किल्ली गाडीत ठेवून या. शिशाची पट्टीही राऊंडमध्ये लावू किंवा काढू नका.
- दोघांत एक पटर. घरात दोघांनी एक पटर वापरायला हरकत नाही. पण एकाच वेळी मैदानावर खेळणाऱ्या दोघांनी राऊंडमध्ये एकमेकांचा क्लब वापरणं, जोडीच्या काही प्रकारांतले भागीदार सोडले, तर नियमाविरुद्ध आहे. हँडिकॅपसाठी गुण नोंदवणार असाल, तरी हे लागू आहे.
- दोन पटर बाळगणं. चालतं, पण १४ क्लबच्या मर्यादेत दोन्ही मोजले जातात.
- शाफ्ट मध्येच सैल होणं. राऊंडमध्ये पटर आपोआप बिघडला, तुम्ही आपटला नसेल, तर तो होता तसा दुरुस्त करता येतो. ‘होता तसा’ म्हणजे किती, हे सांगता यावं म्हणून राऊंडआधी टेप लावून पटरचा फोटो काढून ठेवा. स्पर्धेत असाल, तर कमिटीला विचारूनच पुढे जा.
- टोक अंगाला टेकवणं. कीगन ब्रॅडलीने २०११ मध्ये पोटाला टेकवलेल्या पटरने पीजीए चॅम्पियनशिप जिंकली आणि अॅडम स्कॉटने २०१३ मध्ये लांब पटरने मास्टर्स. १ जानेवारी २०१६ पासून पटर किंवा पकडलेला हात अंगाला टेकवून मारणं बंद झालं. बंदी पद्धतीवर आहे, पटरवर नाही. त्या काळातले लांब पटर वापरलेल्या मालात स्वस्त मिळतात. ते घ्यायला हरकत नाही, पण हात छातीपासून सुटा ठेवावा लागेल. शाफ्ट पुढच्या हाताच्या कोपराखालच्या भागाला लावून मारण्याची पद्धत मात्र चालते.

खरेदीआधी हातात घेऊन तपासा

- किल्ली सोबत आहे ना? वापरलेल्या पटरबरोबर ती बहुतेक वेळा हरवलेली असते. नसेल, तर भाव ठरवण्याआधी ती कुठे आणि केवढ्याला मिळेल ते शोधा.
- लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहा. मध्ये अडकता कामा नये.
- प्रत्येक लांबीला पटर कानाजवळ हलवा. खडखड ऐकू आली, तर सोडून द्या.
- ग्रिपची पुढची सपाट बाजू हेडच्या तोंडाशी काटकोनात आहे का, हे आखूड आणि लांब अशा दोन्ही टोकांना पाहा.
- ग्रिप बदलायची झाली, तर काय? वरच्या टोकाला भोक असलेलीच ग्रिप लागते. साधी ग्रिप चढवली, तर किल्ली आत जाणार नाही आणि तुम्ही जास्तीचे पैसे मोजलेली सोयच बंद होईल. जाड ग्रिपची आवड असणाऱ्यांनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.
- अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या नातेवाइकांकडून मागवत असाल, तर वॉरंटी भारतात चालते का ते लेखी विचारून घ्या. बिल सोबत आणायला सांगा. विमानात पटर चेक-इन सामानातच ठेवावा लागतो, केबिनमध्ये नेता येत नाही.

पावसाळ्यातली काळजी

मुळशीतला पाऊस आणि शाफ्टमधले स्क्रू यांचं जमत नाही. ओल्या राऊंडनंतर पटर पुसून, ग्रिपचं भोक खाली करून उभा ठेवा, म्हणजे आत शिरलेलं पाणी निथळेल. ओल्या बॅगेत ठेवलेल्या ग्रिपला बुरशी धरते. एप्रिल-मे महिन्यांत गाडीच्या डिकीत ठेवणं टाळा. तापलेल्या डिकीत हेड आणि शाफ्ट जोडणारा गोंद सैल पडू शकतो. कुणाच्या सांगण्यावरून यंत्रणेत तेल सोडू नका. घट्ट बसायला हवा तो भाग त्याने घसरू लागेल.

बिल आणि तुमचे हक्क

‘हाताला जमला नाही’ हा दोष नव्हे. त्यासाठी परतावा मिळेल की नाही, हे विक्रेत्याच्या धोरणावर अवलंबून असतं. म्हणून चाचणीची मुदत आणि परत घेण्याच्या अटी बिलावरच लिहून घ्या. लांबी टिकत नाही, शाफ्ट फिरतो, किल्ली बसत नाही, जाहिरातीत सांगितलेली लांबी मिळत नाही, हे मात्र दोष आहेत आणि तिथे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुमच्या बाजूने आहे.

या कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी दाखवून सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. परदेशी बनावटीच्या नव्या पटरच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत असायला हवी. ती नसेल, तर माल कोणत्या मार्गाने आला, याची चौकशी केल्याशिवाय पैसे देऊ नका. वॉरंटीच्या वेळी याच कागदांवर सगळं अडतं.

दाद मागायची झाली, तर क्रम असा ठेवा:

१. विक्रेत्याला आणि आयातदाराला ई-मेलने लेखी कळवा. तोंडी आश्वासनाची वाट पाहू नका. अधूनमधून दिसणाऱ्या दोषाचा व्हिडिओ काढून ठेवा.

२. उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. अनेक तक्रारी इथेच मिटतात.

३. तरीही मिटलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. मुळशीत राहणाऱ्यांनी पुण्याच्या आयोगाकडे तक्रार करायची. विक्रेता दिल्लीचा असला, तरी तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. ई-जागृती या पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते, वकील लावण्याची सक्ती नाही आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

तक्रारीला बिल, वॉरंटी कार्ड, ई-मेलच्या प्रती आणि टेप लावून काढलेले फोटो जोडा. राऊंडच्या आधी आणि नंतर असे दोन फोटो असतील, तर लांबी आपोआप घसरते हे आयोगासमोर मांडणं फार सोपं जातं.